तीन राज्यांच्या सांध्यावर आरोग्य संशोधन संस्था कशी उभी करायची

जानेवारी २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडं मरून पडलेली सापडू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणू लागली. वर्षभर आधी हेच गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात घडलं होतं. पालीच्या काजूबागांत कामाला आलेल्या बेळगावकडच्या मजुरांमध्येही २०१६ मध्ये तोच आजार निघाला. २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या बाजूला रुग्ण सापडले. सगळीकडे नाव एकच, माकडताप. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. रानातली गोचीड चावते, तिच्यातून विषाणू माणसात येतो आणि शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावू शकतात.

महाराष्ट्रातलं दोडामार्ग, गोव्यातली सत्तरी आणि कर्नाटकातलं खानापूर हे तालुके एकमेकांना खेटून आहेत. मजूर, म्हशी, काजूचे व्यापारी, सोयरिकी, सगळं इकडून तिकडे चालू असतं. आरोग्य खातं मात्र प्रत्येकाचं वेगळं, वनखातं वेगळं, पशुसंवर्धन वेगळं. या सांध्यावर एक सामाईक संशोधन संस्था हवी असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यातले काही खरोखरच हात घालायला तयार असतात आणि विचारतात, सुरुवात कुठून करू? हा लेख त्यांच्यासाठी आहे. (आपल्याकडे 'सीमाभाग' म्हटलं की लगेच बेळगाव, निपाणी, कारवार आणि कोर्टातला दावा आठवतो. संस्थेच्या नावात तो शब्द घालू नका. अर्ज टेबलावर पोचायच्या आधीच त्याला राजकीय वास येतो.)

आणखी एक आधीच सांगतो. जमीन, इमारत, कोनशिला यांपासून सुरुवात केलीत तर पाच वर्षं जागेच्या सातबाऱ्यात जातील. मी सांगतोय तो क्रम उलटा आहे. इमारत त्यात जवळजवळ शेवटी येते, आणि आली नाही तरी चालतं.

पहिली पायरी: एका तापाच्या मागे चालत जा

कुठलाही प्रस्ताव लिहिण्याआधी एक महिना फिरण्यात घालवा. हातात एकच प्रश्न ठेवा: केरमधल्या माणसाला आज ताप आला तर तो कुठे जातो, त्याचं रक्त कुठे जातं, आणि त्याची नोंद कुठे होते?

उत्तरं चकित करणारी असतात. दोडामार्गच्या माणसाला स्वतःच्या जिल्ह्याचं मुख्यालय ओरोस लांब पडतं, म्हापसा जवळ. आजार बळावला की सरळ बांबोळी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. त्या कॉलेजचं मूळ १८४२ सालच्या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेत आहे आणि सिंधुदुर्गातल्या घराघरात 'बांबोळीक न्हेलो' हे वाक्य रोजचं आहे. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनाला बसले, ते याच अवलंबित्वापोटी. गोव्याची बाजूही समजून घ्या. त्यांच्या करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या खाटा शेजारचे जिल्हे वापरतात ही तक्रार खोटी नाही. तुमची संस्था या दोन्ही बाजूंच्या खोलीत बसणार आहे, म्हणून दोन्ही बाजू त्यांच्याच तोंडून ऐकलेल्या बऱ्या.

माग काढताना तारखा लिहा. ताप कधी आला, पहिल्यांदा कोणाला दाखवलं, रक्त कधी घेतलं, नमुना पुण्याला राष्ट्रीय विषाणू संस्थेत म्हणजे एनआयव्हीत कधी पोचला, अहवाल कधी आला आणि तो रुग्णाच्या गावच्या आरोग्य केंद्रात कधी आला. शेवटची तारीख बहुतेक वेळा कोरी राहते. ती कोरी जागा म्हणजे तुमच्या संस्थेचं पहिलं काम.

दुसरी पायरी: कोण कोणाचा साहेब, याचा तक्ता

हा भाग नव्या लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि नंतर तोच नडतो. सिंधुदुर्गात प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे, त्यांचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. वैद्यकीय महाविद्यालय तिसऱ्याच खात्याकडे. गोव्यात पणजीचं आरोग्य सेवा संचालनालय थेट केंद्रांपर्यंत पोचतं, मध्ये जिल्हा परिषदेचा टप्पा नाही. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांची स्वतंत्र साखळी. म्हणजे बैठक बोलावली की इकडचा जिल्ह्याचा अधिकारी आणि तिकडचा राज्याचा अधिकारी समोरासमोर बसतात, आणि 'आमच्या बरोबरीचा कोण?' हा प्रश्न न बोलता हवेत राहतो. गावपातळीवरही तेच. आपल्याकडे आशाताई घरोघरी जातात. गोव्यात आशांची तशी रचना नाही, तिथे भिस्त उपकेंद्राच्या बहुउद्देशीय सेवकांवर. एकच कामाची पद्धत तीनही बाजूंना चिकटवायला गेलात तर ती निदान एका बाजूला गळून पडणारच.

वरच्या पातळीवर एक गंमत आहे. राज्यांनी एकत्र बसावं म्हणून १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा केल्या. महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम विभागीय परिषदेत आहेत, कर्नाटक दक्षिण विभागीय परिषदेत. माकडताप ज्या राज्यातून इकडे आला ते राज्य नेमकं दुसऱ्या टेबलावर. तुमच्या प्रस्तावाला घटनेतला आधार मात्र आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय असला तरी संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्यात पसरू न देणं हे समवर्ती सूचीत, २९ व्या नोंदीत आहे. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तिचा उल्लेख करा. 'हे केंद्राचं की राज्याचं' या वादात जाणारे तीन महिने वाचतात.

आणि कोणी म्हणालं की वेगवेगळी राज्यं एकत्र येऊन काही उभारत नसतात, तर त्यांना तिलारी धरण दाखवा. महाराष्ट्र आणि गोवा यांचा तो संयुक्त प्रकल्प, खर्चाचा मोठा वाटा गोव्याचा, धरण दोडामार्गात. त्यात पुनर्वसनाच्या आणि कालव्यांच्या तक्रारी भरपूर आहेत, पण करार झाला, पाणी वाहिलं. म्हादई नदीच्या पाण्यासाठी मात्र लवादापर्यंत जावं लागलं. दोन्ही उदाहरणं एकाच डोंगररांगेतली आहेत.

तिसरी पायरी: एक सामाईक वही

माझ्या मते संस्था इथेच जन्माला येते. तीनही बाजूंच्या तापरुग्णांची एकसारखी यादी, एकसारख्या रकान्यांत, दर आठवड्याला तिघांनाही दिसेल अशी. सरकारी पद्धत आहेच. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो आणि आता त्याची माहिती आयएचआयपी या संकेतस्थळावर भरली जाते. तिला पर्याय उभा करू नका, अधिकारी लगेच सावध होतात, आणि रास्तच आहे. तिच्यात जे सुटतं तेवढंच तुम्ही धरायचं.

सुटतं ते ठिकाण. आपल्या नोंदीत पत्ता एकच असतो. सीमेवरच्या माणसाचे तीन असतात: घर कुठे, गेल्या पंधरा दिवसांत काम कुठे केलं, आणि औषधोपचार कुठे घेतले. माकडतापात गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते आठ दिवस लागतात. खानापूरच्या मजुराला पालीच्या बागेत गोचीड चावते, तो घरी जातो आणि तिथे आजारी पडतो. घराचा पत्ता धरला तर फवारणीचं पथक चुकीच्या जंगलात जाईल. म्हणून वहीत तीन वेगळे रकाने हवेतच. याखेरीज ताप सुरू झाल्याची तारीख, काजू, सरपण, पातेरो (वाळका पाला) किंवा गुरं यांपैकी कशासाठी रानात गेला, मेलेलं माकड दिसलं का, नमुन्याचा क्रमांक, अहवालाची तारीख. बस. चाळीस रकाने केलेत तर पहिले दहाच भरले जातात आणि तेही अंदाजाने.

भाषेचं काम इथेच करून घ्या. आमच्या एका पाहणीत 'ताप आला होता का?' असा छापील प्रश्न होता. दोन दिवस झाले तरी एका वाडीत कोणी होय म्हणेना. तिसऱ्या दिवशी एका आजीने सांगितलं की तुम्ही विचारताय तो ताप म्हणजे खाटेला खिळवणारा, आम्हाला नुसती कसर होती. डोंगर उतरून गोव्यात गेलं की त्यालाच 'जोर' म्हणतात, घाटावर खानापूरकडे कन्नडमध्ये 'ज्वर'. माकडतापालाही कर्नाटकात 'मंगन कायिले' म्हणतात. पुण्यात बसून केलेली प्रश्नावली भाषांतरकाराकडे पाठवू नका. प्रत्येक बाजूच्या दोन नर्सबाई आणि दोन काजू बागायतदार एका खोलीत बसवा, चहा द्या आणि प्रश्न त्यांच्याकडून लिहून घ्या. गावांच्या नावांचंही तेच. एकच वाडी तीन लिपींत तीन प्रकारे लिहिली जाते, म्हणून प्रत्येक वाडीला एक क्रमांक द्या आणि तोच सगळीकडे वापरा.

वहीत नावं असतील तर २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लक्षात ठेवा. नाव आणि फोन त्या त्या राज्याच्या अधिकाऱ्याकडेच राहू द्या, सामाईक यादीत फक्त क्रमांक. याने कायदा पाळायला सोपं जातं आणि 'आमच्या रुग्णांची नावं तिकडे कशाला' हा आक्षेपही उरत नाही.

एक मोसम ही वही नीट चालली तर पुढचं सगळं सोपं जाईल. चालली नाही, तर थांबा. चालत नसलेल्या वहीवर संस्था बांधू नका.

चौथी पायरी: भांडणं आधीच भांडून घ्या

सामंजस्य करार म्हटलं की लोक गोड शब्दांचं पान तयार करतात. मला विचाराल तर करार म्हणजे पुढे होणाऱ्या भांडणांची यादी आणि प्रत्येकापुढे ठरलेलं उत्तर. तीन भांडणं नक्की होतात.

पहिलं, नमुने कोणाचे. रक्त सत्तरीत घेतलं, शीतपेटी दोडामार्गची, तपासणी पुण्यात. उरलेला नमुना पुढच्या संशोधनाला वापरायचा तर परवानगी कोणी द्यायची? माझा सल्ला असा की नमुन्यावरचा हक्क ज्या राज्यात तो घेतला गेला त्याचा, वापर तिघांच्या समितीच्या लेखी संमतीने, आणि रुग्णाच्या संमतीपत्रात पुढच्या वापराचा वेगळा रकाना.

दुसरं, बातमी कोणी सांगायची. गोव्याला पर्यटनाची काळजी, सिंधुदुर्गाला काजूच्या भावाची. एका पोर्टलवर 'गोव्यात माकडतापाचा कहर' असं छापून आलं की दोन्ही आरोग्यमंत्र्यांचे फोन वाजतात आणि तुमची वही बंद होते. रुग्णसंख्या फक्त त्या त्या राज्याचं आरोग्य खातं जाहीर करेल, संस्था कधीही नाही, असं लिहून ठेवा.

तिसरं सगळ्यात अवघड: निष्कर्ष कोणाला आवडला नाही तर? इथे मी हट्टी आहे. शोधनिबंध प्रसिद्धीपूर्वी तिन्ही खात्यांना पाठवायचा, अभिप्रायासाठी तीस किंवा पंचेचाळीस दिवस द्यायचे, त्यांचं वेगळं मत असेल तर निबंधासोबत छापायचं. पण नकाराधिकार कोणालाही नाही. हे कलम ज्या दिवशी कोणी गाळायला सांगेल त्या दिवशी तुम्हाला कळेल की समोरच्याला संशोधन हवंय की प्रमाणपत्र.

सह्या व्यक्तीच्या नावाने घेऊ नका, पदाच्या नावाने घ्या. दर दोन-तीन वर्षांनी बदल्या होतात. ज्या साहेबांनी तुम्हाला चहा पाजला ते पुढच्या जूनमध्ये विदर्भात असतील.

पाचवी पायरी: नोंदणी, आणि तीन वर्षांचं घड्याळ

पर्याय मुख्यतः तीन. सोसायटी, सार्वजनिक न्यास, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. महाराष्ट्रात सोसायटीला १८६० च्या कायद्याबरोबरच धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते, कर्नाटकाचा सोसायटी कायदा वेगळा, १९६० चा. एका राज्याची सोसायटी दुसऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याला 'त्यांची' वाटते. कलम ८ ची कंपनी केंद्रीय कायद्याखाली येते, नियम तिन्हीकडे सारखे. हिशेब आणि अनुपालन जास्त काटेकोर असतं, सनदी लेखापालाची फी भरावी लागते, तरी सीमेवरच्या संस्थेसाठी मी तीच निवडेन.

पण नोंदणी झाली म्हणजे पैसे येत नाहीत. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी बाहेरच्या संस्थेला मिळायला साधारण तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. परदेशी देणगीसाठी एफसीआरए नोंदणी हवी असेल तरी तीन वर्षं आणि मूळ कामावर केलेला किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. म्हणून युक्ती अशी की नोंदणी लवकर करा, घड्याळ सुरू होऊ द्या, आणि पहिली तीन वर्षं प्रत्यक्ष प्रकल्प एखाद्या चालू वैद्यकीय महाविद्यालयाच्या छत्राखाली चालवा. संस्थेच्या आणि देणगीदारांच्या आयकर सवलतीच्या नोंदी त्याच काळात करून घ्या.

परदेशी पैशाबाबत एक खड्डा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएखाली आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. 'आम्ही निधी आणू आणि तिन्ही राज्यांतल्या भागीदारांना वाटू' ही रचना परदेशी पैशावर चालणारच नाही. ज्याला जे काम करायचं त्याने त्याचा निधी स्वतः आणायचा. शिवाय परदेशी सहकार्याच्या आरोग्य संशोधनाला केंद्राच्या छाननी समितीची मंजुरी लागते. तिला वेळ लागतो. सुरुवातीला देशातल्या पैशावर, म्हणजे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), केंद्राचा आरोग्य संशोधन विभाग, राज्यांचा निधी यांवर विसंबलेलं बरं.

सहावी पायरी: परवानग्या

नीतिमत्ता समिती स्वतःची करायची घाई नको. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं अनेक केंद्रांच्या अभ्यासाला सामाईक परीक्षणाची मुभा देतात, आणि अशी समिती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी लागते. यजमान महाविद्यालयाची नोंदलेली समिती मुख्य धरा, बाकीच्या दोन बाजूंकडून स्थानिक प्रतिनिधी बसवा.

माकडांचं प्रकरण वेगळं. मेलेल्या माकडाला हात लावायचा तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. सत्तरीत म्हादई अभयारण्य, खानापुरात भीमगड अभयारण्य, आपल्याकडे तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र, अशी तीन वनखात्यांची हद्द एकाला एक लागून आहे. प्रत्येकाच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे अर्ज तीन महिने आधी द्या. आणि वनरक्षकाला सुरुवातीपासून भागीदार करा. माकड मेल्याची बातमी डॉक्टरच्या खूप आधी त्याच्या कानावर येते. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा धोक्याची होते, म्हणजे त्याचा तो एक फोन अनेकदा पहिल्या रुग्णाच्या आधीचा इशारा असतो. त्याला फोनचा रिचार्ज द्या, शोधनिबंधात आभारही माना.

सातवी पायरी: प्रयोगशाळेचा मोह

पैसे देणाऱ्यांना फीत कापायला प्रयोगशाळा आवडते. माकडतापाचा विषाणू वाढवण्याचं काम उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेतच करावं लागतं, आणि पुण्याच्या एनआयव्हीत देशातली सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. तुम्हाला तशी दुसरी नको. हवं ते साधं आहे: रक्त नीट घ्यायला शिकलेली माणसं, तीन थरांचं पॅकिंग, बर्फाच्या पेट्या, डीप फ्रीझर आणि त्याला पावसाळ्यात सावंतवाडी-दोडामार्गाकडची वीज दोन दिवस गेली तरी पुरेल असा जनरेटर. तापाच्या पहिल्या काही दिवसांत विषाणू शोधणारी आरटीपीसीआर चाचणी, नंतर प्रतिपिंडं शोधणारी आयजीएम एलायझा, यातलं काय कुठे करायचं ते एनआयव्हीशी बोलून ठरवा. आमचा एक नमुन्यांचा डबा एकदा रविवारी बसस्टँडवर उन्हात पडून राहिला, कारण ज्याने तो उतरवून घ्यायचा त्याची सुट्टी होती. त्या दिवसापासून मी कुठल्याही संस्थेत यंत्रांची यादी बघायच्या आधी विचारतो, रविवारी डबा कोण घेतं?

आठवी पायरी: माणसं

अंदाजपत्रकाचा मोठा भाग पगारात जाऊ द्या. तीन प्रकारची माणसं लागतात: साथरोगशास्त्राची जाण असलेला एक डॉक्टर, माहिती सांभाळणारी एक व्यक्ती, आणि त्या त्या तालुक्यातली क्षेत्रसेविका किंवा सेवक. शेवटचे सर्वांत महत्त्वाचे आणि त्यांनाच सर्वांत कमी पैसे दिले जातात. मालवणी, कोकणी, मराठी, कन्नड यातल्या दोन भाषा ज्याला येतात त्याला पदवीपेक्षा जास्त गुण द्या. आशाताईंना फुकट अर्ज भरायला लावू नका. त्यांच्यावर आधीच डझनभर नोंदवह्या आहेत. प्रत्येक अर्जाचा मोबदला ठरवा, नाहीतर मागूच नका.

संचालक कोण, यावर सहा महिने वाद होईल. पहिल्या तीन वर्षांसाठी आळीपाळीने समन्वयक नेमा आणि बैठकही आळीपाळीने ओरोस, वाळपई, खानापूर अशी फिरवा. खानापूरकरांना चोर्ला घाट उतरून यावं लागलं आणि गोवेकरांना चढून जावं लागलं की एकमेकांचे रस्ते, दवाखाने, अडचणी दिसतात. हे ऑनलाइन बैठकीत दिसत नाही.

नववी पायरी: पहिला अभ्यास छोटा

लस, गोचिडींची जनुकं, हवामान बदल, असे मोठे विषय पहिल्या वर्षी घेऊ नका. पहिला अभ्यास असा घ्या की ज्याला जंगलाची परवानगी लागत नाही आणि ज्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी वापरता येतं. माझी निवड: ताप सुरू झाल्यापासून अहवाल रुग्णाच्या गावात पोचेपर्यंत किती दिवस लागतात आणि ते कुठे अडतात. पहिल्या पायरीत काढलेला मागच आता नीट मोजायचा. तिन्ही बाजूंची तुलना आली की कोणाची पद्धत चांगली ते आपोआप दिसतं. 'तुमच्याकडे दोन दिवस, आमच्याकडे नऊ कसे?' हा प्रश्न एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला स्वतःहून विचारला, की संस्था चालू झाली असं समजा.

दुसऱ्या वर्षी काजूबागांतल्या कामगारांचा अभ्यास घेता येईल, गोचीडप्रतिबंधक तेल खरंच वापरलं जातं का हा विषय घेता येईल, किंवा पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस. तो भातशेतीचा आजार, तिन्हीकडे आहे, आणि माकडतापाचा मोसम संपल्यावर तुमच्या माणसांना काम देतो.

दहावी पायरी: गावात परत जा

ही पायरी मी सर्वांत शेवटी लिहितोय, पण पहिल्या दिवसापासून करायची आहे. सत्तरीच्या वेशीजवळच्या एका वाडीत एक म्हातारबाबा मला म्हणाले होते, "रगात न्हेलास, पण तेचा काय झाला ता सांगूक कोण इलो नाय." मला उत्तर नव्हतं. आमच्याच पथकाने दोन वर्षांपूर्वी तिथून नमुने घेतले होते.

गडचिरोलीत, छत्तीसगड आणि तेलंगणाच्या वेशीवरच्या जिल्ह्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' सुरू केली. त्यांची गोष्ट यासाठी वाचावी की त्यांनी संशोधनाचे विषय लोकांना विचारून घेतले. स्त्रियांच्या आजारांवरचा त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये आणि घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, आणि दुसऱ्या अभ्यासातली पद्धत पुढे देशाच्या आरोग्य कार्यक्रमात गेली. तीन राज्यांचा सांधा हा गडचिरोलीपेक्षा वेगळा प्रश्न आहे, इथे एकाच संस्थेला एकाच जिल्ह्याशी बोलून भागत नाही. पण विचारायची सवय तीच लागते.

कोकणात आणि सत्तरीत गावाशी बोलायची जागा ठरलेली आहे: देवळासमोर, मानकऱ्यांच्या उपस्थितीत, देवाला गाऱ्हाणं घालून झाल्यावर. शिमग्याच्या दिवसांत आणि चतुर्थीला बैठक लावू नका, कोणी येणार नाही आणि आले तर रागावलेले येतील. काजूच्या हंगामात, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे, संध्याकाळी सातनंतरच जा. लोक लसीबद्दल विचारतील. खरं सांगा: जुनी लस कर्नाटकात १९९० पासून बरीच वर्षं दिली गेली, तिचा परिणाम अपुरा ठरला, ती आता दिली जात नाही आणि नवीन लसीचं काम चालू आहे. तोवर उपाय म्हणजे रानात जाताना अंग झाकणारे कपडे आणि तेल, परत आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, आणि माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता वनरक्षकाला फोन.

माकडताप साधारण डिसेंबरात डोकं वर काढतो आणि मेपर्यंत चालतो. म्हणून तुमचं वर्ष जूनमध्ये सुरू होऊ द्या. जून-जुलैत गेल्या मोसमाची वही गावांना वाचून दाखवा, ऑगस्ट-सप्टेंबरात अर्ज आणि परवानग्या, ऑक्टोबरात प्रशिक्षण. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिन्ही बाजूंच्या क्षेत्रसेविकांना एका आरोग्य केंद्रात बोलवा, नमुन्यांच्या पेट्या उघडा, बर्फाच्या पिशव्या मोजा, वनरक्षकांचे फोन नंबर भिंतीवर चिकटवा, आणि नोव्हेंबरपासूनच्या प्रत्येक रविवारी डबा कोण घेणार त्याचं नाव समोर लिहा.